काळी धरते, वाळू देते

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शाळेच्या विज्ञानात एक प्रयोग हमखास असतो. तीन नरसाळी घ्यायची. प्रत्येकात फडक्याचा तुकडा किंवा गाळणकागद बसवायचा. एकात वाळू, दुसऱ्यात पोयटा, तिसऱ्यात काळी चिकण माती भरायची. तिन्ही कोरड्या आणि वजनाला सारख्या. खाली काचेचे पेले ठेवायचे. मग प्रत्येक नरसाळ्यात शंभर मिलिलिटर पाणी ओतायचे आणि पंधरा मिनिटांनी कोणत्या पेल्यात किती उतरले ते मोजायचे. वाळूखालच्या पेल्यात सर्वांत जास्त पाणी जमते, पोयट्याखाली त्याहून कमी आणि काळीखाली जेमतेम काही थेंब. वहीतला निष्कर्ष ठरलेला असतो : चिकण मातीची जलधारण क्षमता सर्वांत जास्त, वाळूची सर्वांत कमी. त्याखाली बाईंची किंवा सरांची सही पडते आणि तास संपतो.

कराड आणि आसपासच्या शाळांतून मी हा प्रयोग बरीच वर्षे शिकवला. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू आम्हाला कधी विकत आणाव्या लागल्या नाहीत. वाळू कृष्णा-कोयनेच्या संगमावरची, पोयटा नदीकाठच्या मळीचा, काळी माती कुणाच्याही रानातली. एखादा मुलगा हौसेने माळावरचा मुरूमही आणायचा आणि चौथे नरसाळे मांडा म्हणून हटून बसायचा. ही सगळी भूमी आमच्या पंचक्रोशीत हाताच्या अंतरावर आहे. म्हणूनच असेल, पण या छोट्या प्रयोगाचा मोठा इतिहासही आमच्याच खोऱ्यात घडला. गेली दीडशे वर्षे कृष्णाकाठी हा प्रयोग उघड्या रानात, हजारो एकरांवर चालू आहे, आणि त्याचा निष्कर्ष वहीतल्या निष्कर्षापेक्षा बराच निराळा निघाला आहे. आज त्याविषयी बोलायचे आहे.

मातीला पाणी पाजून तिचे वजन-माप करण्याची कल्पना तशी फार जुनी नाही. सर हम्फ्री डेव्ही हे नाव खाणीतल्या सुरक्षा-दिव्यामुळे आपल्या परिचयाचे आहे. त्यांनी १८१३ साली शेतीच्या रसायनशास्त्रावरची आपली व्याख्याने पुस्तकरूपाने छापली. निरनिराळ्या शेतांतली माती वाळवायची, दमट हवेत ठेवायची आणि तिचे वजन किती वाढते ते पाहायचे, असे प्रयोग त्यांत आहेत. जी माती हवेतला ओलावा जास्त खेचते ती जास्त सुपीक, असा त्यांचा कयास होता. पुढे शंभर वर्षांनी, १९१२ साली, अमेरिकेत ब्रिग्ज आणि शान्ट्झ या दोघांनी प्रश्न उलटा केला. माती किती पाणी धरते हे राहू द्या. रोप कोमेजून मरायला टेकते तेव्हा मातीत किती पाणी शिल्लक असते, ते त्यांनी मोजले. चिकण मातीत ते भरपूर शिल्लक होते. पाणी होते, पण मुळांना ते ओढून घेता येत नव्हते.

याचे कारण मातीच्या कणांत आहे. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो. चिकण मातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. आपल्या काळ्या मातीत ज्या जातीचे खनिज असते त्याचे कण तर पत्त्यांच्या जोडासारखे थरांचे बनलेले. पाणी त्या थरांमध्ये शिरते आणि माती फुगते. असे शुद्ध खनिज एक ग्रॅम घेतले आणि त्याच्या साऱ्या थरांचे पृष्ठभाग पसरून मांडले, तर क्षेत्रफळ खो-खोच्या मैदानाहून मोठे भरते. एवढ्या पृष्ठभागाला चिकटलेले पाणी सहजी सुटत नाही. काळी माती जेवढे पाणी धरते त्यातले ढोबळमानाने निम्मे ती स्वतःपाशीच ठेवते. कंजूष सावकारासारखा हा व्यवहार : तिजोरी भरलेली, हातात मात्र थोडेच पडणार.

आपल्या शेतकऱ्याला हे प्रयोगशाळेवाचून माहीत होते. त्याच्याजवळ त्यासाठी एक शब्द आहे, 'वाफसा'. पाऊस पडून गेला, वरचे पाणी मुरले, ढेकूळ हातात घेऊन दाबले तर चिखलासारखे चिकटत नाही आणि धुळीसारखे उडतही नाही, अशी जमिनीची अवस्था म्हणजे वाफसा. तेव्हाच कुळव घालायचा, तेव्हाच पेरायचे. कणांमधल्या मोठ्या फटींतून पाणी निघून गेले आहे, बारीक फटींत राहिले आहे आणि रिकाम्या झालेल्या जागी हवा शिरली आहे, असे त्याचे शास्त्रीय वर्णन करता येईल. मुळाला पाणी लागते तशी हवाही लागते. नरसाळ्याच्या प्रयोगात हवेचा रकानाच नसतो. 'वाफसा' हा शब्द मात्र हवा आणि पाणी दोन्ही एकदम सांगतो. मला तो मराठीतल्या सर्वांत नेमक्या शास्त्रीय शब्दांपैकी एक वाटतो, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला अधिक मानाची जागा द्यायला हवी असेही वाटते.

आता खोडशीकडे वळू. कराडच्या वरच्या अंगाला थोड्याच अंतरावर कृष्णेवर खोडशीचा बंधारा आहे. १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने तो बांधायला घेतला. मुंबई इलाख्यातल्या सर्वांत जुन्या पाटबंधाऱ्याच्या कामांपैकी हे एक. तिथून निघणारा कृष्णा कालवा नदीच्या डाव्या काठाने कराडखाली त्या वेळच्या वाळवे आणि तासगाव तालुक्यांकडे गेला. तेव्हा हे सारे एकट्या सातारा जिल्ह्यातच होते; दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. खोडशीच्या बंधाऱ्यामागे मोठा साठा नव्हता. नदीला वाहते असेल तेवढेच पाणी कालव्याला.

कालवा झाला, पण दख्खनच्या कालव्यांवर साहेब लोकांचा एक हिशेब सतत चुकत राहिला. पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याकडे फिरकत नसत. दुष्काळाचे सावट आले की मात्र पाण्यासाठी झुंबड. कागदावर दिसणारी पाणीपट्टी हाती येईना. आपला कुणबी जुनाट, आळशी, त्याला नवे नको, असे शेरे त्या काळात सर्रास मारले गेले. खरे तर कारण मातीत होते. खोल काळ्या रानात मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस नीट मुरला, की शाळू त्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर तरून जातो. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारी आजही याच हिशेबावर उभी असते. अशा रानाला वरून पाट सोडणे म्हणजे जेवून उठलेल्याला पुन्हा पाटावर बसवणे. १९०१ ते १९०३ या काळात हिंदुस्थानभर फिरलेल्या इरिगेशन कमिशनलाही काळ्या जमिनीचा हा स्वभाव नोंदवावा लागला : ती ओल धरून ठेवते, म्हणून तिथला शेतकरी पाण्याला अधीर नसतो.

त्यावर तोडगा निघाला तो बारमाही पिकाचा. उसाला पाणी बाराही महिने लागते, तेव्हा ऊस लावला तर कालवा पोसला जाईल. हे आधी घडले शेजारच्या नीरा खोऱ्यात. भाटघरच्या धरणाचे पाणी घेऊन नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला सुरू झाला आणि बारामतीकडची राने हिरवी झाली. पंचवीस वर्षे जात नाहीत तोच त्याच हिरव्या पट्ट्यात पांढरे डाग दिसू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी या खारवट जमिनींची तपासणी करून १९१० साली अहवाल छापला. हेच ते मान, ज्यांनी पुढे पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी करून दख्खनच्या शेतकऱ्याच्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीचे चित्र जगापुढे ठेवले.

१९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधारे आणि शेती यांचा मेळ कसा घालायचा, याच्या अभ्यासासाठी पुण्याला एक खास विभाग उघडला. तिथे काम करणारे क्लॉड इंग्लिस आणि गोखले यांचा कालव्यांखाली बिघडलेल्या जमिनींवरचा प्रबंध १९२८ सालचा आहे. त्या लहानशा विभागाची पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली. धरणांची मोठमोठी प्रतिरूपे बांधून पाहणारी ही संस्था जन्माला आली ती शेतीच्या पाण्याचा घोळ निस्तरण्यासाठी, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

त्या पांढऱ्या डागांमागची गोष्ट अशी. काळ्या मातीतून पाणी खाली झिरपायला वेळ लागतो. वरून पाणी येतच राहिले आणि खाली निचऱ्याला वाट नसली, की जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते. ती दोन-तीन हातांवर आली की मातीच्या बारीक फटी दिव्याच्या वातीसारख्या काम करतात. पाणी आपणहून पृष्ठभागावर येते, उन्हाने उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. असे रोज, वर्षानुवर्षे. आधी पीक पिवळे पडते. मग उगवण विरळ होते. शेवटी रानात पांढरी पापडी धरते. आपल्याकडे या अवस्थांना वेगवेगळी नावे आहेत : पाणी साचून मऊ झालेले रान चिबड, पांढरे फुललेले खारवट, आणि सोडियम वाढून घट्ट बसलेले, ओले असता गिळगिळीत आणि वाळले की दगड होणारे ते चोपण.

म्हणजे ज्या गुणासाठी काळीला वहीत पहिला नंबर, त्याच गुणाने तिचा घात केला.

मी वर्गात याचा एक जोडप्रयोग करत असे. प्लास्टिकच्या बाटलीचे बूड कापायचे, तोंडाला फडके बांधायचे, आत काळी माती ठासून भरायची आणि ती बाटली उलटी करून मिठाच्या पाण्याच्या ताटलीत ठेवायची. ताटलीतले पाणी कमी झाले की पुन्हा घालायचे. खिडकीत दोन-तीन आठवडे ठेवली की वरच्या मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते. मुले बोट लावून चाखून बघत. खारट! वाळवा, मिरज भागातून आलेल्या मुलांना मात्र चाखावे लागत नसे. "आमच्या रानात असंच हाय," असे ती नुसते बघूनच सांगत.

कारण नीरा खोऱ्यात जे विसाव्या शतकाच्या आरंभी घडले, ते कृष्णाकाठी स्वातंत्र्यानंतर अधिक मोठ्या प्रमाणात घडले. कोयना धरण झाले, नदीला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. सहकारी साखर कारखाने उभे राहिले : सांगलीचा वसंतदादांचा, साखराळ्याचा राजारामबापूंचा, कराडजवळ रेठऱ्याचा कृष्णा. गावोगावी उपसा जलसिंचन संस्था निघाल्या. नदीतून पाणी उचलून लोखंडी नळांनी मैल-दोन मैल आत रानात नेले. या सहकाराने कृष्णाकाठाला दिलेले वैभव कुणी नाकारू नये. पक्की घरे, शाळा, कॉलेजे, मुलींची शिक्षणे या साऱ्याच्या मुळाशी ऊस आहे. पण आडसाली ऊस अठरा महिने रानात उभा राहतो, आणि पाणीपट्टी एकरावर होती, घागरीवर नव्हती. पाळी आली की सरी तुडुंब भरायची, रात्री मोटार चालू ठेवून झोपायचे. वाफशाची वाट बघायला उसंतच नव्हती. वाळवा, पलूस, मिरज आणि पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात नदीकाठची उत्तम काळी रानेच आधी क्षारपड झाली. ज्याची जमीन सर्वांत भारी, तोच आधी बुडाला.

उपाय माहीत नाही असे नाही. पाणी बाहेर काढायला वाट करून द्यायची. काळीखालच्या मुरमापर्यंत पोचणारा उघडा चर, किंवा जमिनीखाली पुरलेली सच्छिद्र नळी. त्यासोबत चोपण रानाला जिप्सम, ताग-धैंचा गाडणे आणि मोजून पाणी. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज इथल्या कृषी संशोधन केंद्राने यावर अनेक वर्षे काम केले आहे. शिरोळमध्ये दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सच्छिद्र नळ्यांची निचरा व्यवस्था बसवली आणि पडीक रानातून पुन्हा पीक घेतले. यातला 'एकत्र' हा शब्द महत्त्वाचा. आपल्या रानातले पाणी शेजाऱ्याच्या बांधातूनच ओढ्याकडे जाणार. शेजाऱ्याने चर अडवला की खेळ खलास. माती शास्त्राचे ऐकते. भाऊबंदकीची समजूत काढायला मात्र वेगळे कसब लागते.

हे झाले काळीचे. आता उरली वाळू, जिला वहीत शेवटचा नंबर.

एका वर्षी निष्कर्ष फळ्यावर लिहून झाला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. खानापूर तालुक्यातली, कराडला मामाकडे शिकायला आलेली. म्हणाली, "सर, वाळू पाणी धरत नाही तर आमच्या येरळेत उन्हाळ्यात वाळू उकरली की पाणी कसं लागतं?" वर्ग हसला. मी तिला पुढे बोलावले आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एक बादली वाळू मांडली. बादलीच्या बुडाजवळ एक छिद्र पाडून बूच बसवले. दहा लिटरच्या बादलीत काठोकाठ वाळू असतानाही तिने तीन-साडेतीन लिटर पाणी रिचवले, आणि बूच काढल्यावर त्यातले दोन लिटरांहून जास्त परत दिले. तोच प्रयोग काळ्या मातीवर केला. तिने पाणी त्याहून जास्त घेतले, पण बूच काढल्यावर ओघळ काही येईना. भूजलाच्या शास्त्रात हा फरक आकड्यांत मांडतात. चिकण मातीत पोकळी शेकडा चाळीस-पन्नास, पण त्यातून सुटणारे पाणी शेकडा दोन-तीन. वाळूत पोकळी थोडी कमी, पण सुटणारे पाणी शेकडा वीस-पंचवीसपर्यंत. नरसाळ्याखालचा जो भरलेला पेला आपण वाळूचा अवगुण म्हणून नोंदवतो, तो तिचा दातेपणा असतो. नरसाळ्याला खाली भोक असते, एवढाच मुद्दा. नदीच्या वाळूखाली खडक असतो, आणि आपला काळा पाषाण भेगा सोडल्या तर पाणी फारसे आत घेत नाही.

शिवाय वाळूवरचा वीतभर थर एकदा वाळला की तो झाकणाचे काम करतो. हातभर खाली गेले की उन्हाला पाणी सहसा पोचत नाही. आफ्रिकेत केनियामध्ये कितुई आणि माचाकोस भागांत कोरड्या नद्यांवर मुद्दाम छोटे बांध घालून त्यामागे वाळू साठवतात, पाणी साठवण्यासाठी. गुरांनी ते घाण होत नाही, डासही होत नाहीत. येरळा, माण, अग्रणी या आपल्या पूर्वेकडच्या नद्यांना हे दान निसर्गानेच दिले होते. कोयनेच्या पाणलोटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून शंभर किलोमीटरच्या आत विटा-खानापूरकडे जेमतेम पाचशे-सहाशे. अशा मुलखात नदीकाठच्या विहिरी पाणी देत होत्या त्या पात्रातल्या वाळूच्या जोरावर.

१९८० च्या दशकात ही वाळू ट्रकांनी जाऊ लागली. बांधकामे वाढली, सरकारने लिलाव केले, ठेकेदारांनी पात्र खरवडले आणि काठच्या विहिरी आटू लागल्या. त्याच सुमारास, १९८२ च्या गिरणी संपात, मुंबईचे शेकडो कामगार खानापूरच्या आपल्या गावी परतले होते. पोट भरायला गावात दुष्काळी कामावर खडी फोडणे हाच धंदा. त्यांच्यातून आणि गावच्या शेतकऱ्यांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर आणि वाळवा तालुक्यातल्या कासेगावी कायमच्या राहायला आलेल्या गेल ऑम्व्हेट या जोडप्याची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. ऑम्व्हेट २०२१ साली कासेगावीच निवर्तल्या. दुष्काळ का पडतो, हा प्रश्न या चळवळीने घोषणेपुरता ठेवला नाही. माती, पाऊस, विहिरी यांची गावकऱ्यांनीच पाहणी करायची असा आग्रह धरला. मला तिच्याविषयी आदर आहे तो यासाठी. आमच्या नरसाळ्यांच्या प्रयोगाचे हे मोठ्या माणसांनी केलेले रूप होते.

त्यातून बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी येरळेवर स्वतःचे धरण बांधायचे ठरवले. भाई संपतराव पवार हे त्या कामातले बलवडीचे पुढारी. आराखड्याला मुंबईचे अभियंते के. आर. दाते यांचे साहाय्य. पैसा कुठला? तर नदीचीच वाळू, पण गावाने स्वतः, बेताने काढून विकलेली. ठेकेदाराला वाळू नेऊ द्यायची नाही, आणि थोडी विकून जे मिळेल ते त्याच नदीच्या पाण्यावर खर्च करायचे. परवानगीसाठी बरीच झुंज द्यावी लागली. धरण दशकाच्या अखेरीस उभे राहिले आणि त्याला नाव दिले 'बळीराजा'. पाण्याची वाटणीही त्यांनी जगावेगळी ठरवली : जमीन किती हे न पाहता प्रत्येक कुटुंबाला सारखा हक्क, आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. उसाच्या राज्यात ही अट घालायला छाती लागते.

या नावामागे जोतीराव फुले आहेत. बळी हा शेतकऱ्यांचा राजा म्हणून त्यांनीच आधुनिक काळात उभा केला. फुल्यांचे मूळ गाव कटगुण हे खटाव तालुक्यातले, आणि येरळा नदी याच तालुक्यातून खाली येते. १८८३ साली लिहून पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी सरकारला ज्या सूचना केल्या, त्यांत ओढ्या-नाल्यांवर जागोजाग लहान ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी आधी रानात मुरेल आणि मग नदीला मिळेल, अशी एक सूचना आहे. नदी-तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला पूर्वीप्रमाणे नेऊ द्यावा, हेही ते सांगतात. हलक्या मुरमाड रानात गाळ मिसळला की ते ओल धरू लागते. मुरमाचे चौथे नरसाळे मांडा म्हणणाऱ्या मुलाला त्यात मूठभर गाळ घालायला सांगितले, की पेल्यातले पाणी लगेच कमी झालेले दिसते. फुले बांधकामाचे ठेकेदार होते, दगड-माती-पाण्याशी त्यांचा रोजचा संबंध होता, हे त्यांची ही पाने वाचताना जाणवते.

हा सगळा इतिहास आता पुन्हा कामाला आला आहे, आणि तोही कराडच्या वेशीवर. कराडजवळ टेंभू नावाचे गाव आहे, गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. तिथे कृष्णेवर बंधारा घालून पाणी टप्प्याटप्प्याने उचलायचे आणि खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगोल्यापर्यंत न्यायचे, या योजनेला १९९६ साली मंजुरी मिळाली. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी टँकरची वाट पाहिली त्या शिवारांत आज कृष्णेचे पाणी खेळते. त्यामागे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी चालवलेल्या आटपाडीच्या पाणी परिषदांचा आणि दुष्काळी तालुक्यांच्या दीर्घ लढ्याचा वाटा आहे. समन्यायी वाटप, उघड्या पाटाऐवजी बंद नळ, मोजून पाणी या मागण्या त्या लढ्यातल्याच. बऱ्याच भागात पाणी बंद नळांनी जाते, हे बरे लक्षण आहे.

तरी माण आणि येरळेच्या काठी खोल काळी रानेही आहेत, आणि पाणी आले की ऊस लावावासा वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. कारखान्याचा भाव ठरलेला, तोडणी ठरलेली. डाळिंबाला रोग येतो, ज्वारीला भाव मिळत नाही. ऊस लावणाऱ्याला नुसती नावे ठेवून भागणार नाही. पण नीरेच्या कालव्याखाली पंचवीस वर्षांत काय झाले आणि वाळवा-मिरजेत काय झाले, हे तिथल्या शाळेतल्या मुलांना पहिल्या पांढऱ्या डागाच्या आधी कळायला हवे. त्याला खर्च काहीच नाही. नरसाळ्याच्या तक्त्यात आणखी दोन रकाने आखायचे : दिलेल्या पाण्यातले मुळाला किती मिळाले, आणि खाली वाट बंद केली तर काय होते.

येरळेकडे मी मध्यंतरी जाऊन आलो. उपसा योजनांचे पाणी उन्हाळ्यात अधूनमधून नदीत सोडतात, तेव्हा बंधाऱ्यांमागे निळेशार दिसते आणि लोक पुलावर उभे राहून बघतात. पात्रात मात्र पुष्कळ ठिकाणी वाळूऐवजी माती आणि वेडी बाभूळ आहे. एका ठिकाणी मी पायाने उकरून पाहिले. वीतभर खाली खडक लागला. काठावर शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "पूर्वी हितं उकरलं की वाटीनं घागर भरत हुती, बाबा. आता सोडलेलं पाणी दिसतंय मस्त, पर चार दिसांत ऊनच पिऊन जातंय."